वेग वाढतोय, वाढू दे

रित्सुको कुरामोचीला मी पहिल्यांदा पाहिलं ते ओसाकाजवळच्या अमागासाकीच्या नगरसभागृहात, आणि त्याच दुपारी तिची नोकरी गेली.

ती एका संगीतवर्गात मुलांना इलेक्ट्रिक ऑर्गन शिकवायची. वर्गाचा वार्षिक कार्यक्रम होता. माझी भाची त्यात वाजवणार होती, म्हणून आईला एकटीला दुकानात सोडून मी आले होते. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. मुली पांढरे मोजे घालून, आया कॅमेरे सरसावून, टाळ्या बेताच्या. मग रित्सुकोचा गट आला. गाणं साधंच, शाळेच्या कवायतीला लावतात तसलं. पण तिनं ऑर्गनची वायर कसल्याशा छोट्या पेटीतून फिरवून आणली होती, आणि त्यातून जो आवाज निघाला तो गंजलेलं शटर कुणी लाथा घालत खाली ओढावं तसा. मुलं दुप्पट वेगानं वाजवत होती, मध्येच पाय आपटत होती, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून किंकाळी फोडली. घरी पाहुणे आले की पडद्यामागे लपणारी माझी भाची सगळ्यांत जास्त वेळ किंचाळत राहिली.

अर्धं सभागृह हसलं, अर्धं गप्प बसलं. वर्गाच्या मुख्य बाई गप्प बसणाऱ्यांत होत्या.

मी रंगमंचामागे गेले तेव्हा रित्सुको वायरी गुंडाळत होती. उद्यापासून येऊ नका, असं तिला नुकतंच सांगून झालं होतं, आणि चेहरा मात्र बक्षीस मिळाल्यासारखा.

"तुमचा बँड आहे का?" मी विचारलं.

"आता होईल. वेळच वेळ आहे."

"मग ड्रम वाजवायला कुणीतरी लागेल."

"तुम्ही वाजवता?"

"नाही."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग करता काय?"

"आमचं ओकोनोमियाकीचं दुकान आहे. दिवसभर कोबीची जाड धिरडी उलटते. दोन्ही हातांत उलथनी. तवा गच्च भरलेला असतो, पण एकही करपू देत नाही."

"दोन्ही हात वेगवेगळं काम करतात?"

"डावा उलटतो, उजवा पुढचं बघतो."

"रविवारी ये," ती म्हणाली. अहो-जाहो तिथंच संपलं.

घरी सांगितलं तेव्हा आई तव्यावरचं तेल पुसत होती. "ड्रम? तोमोए, तुला साधं दार हळू लावता येत नाही."

"म्हणूनच तर."

"मग जा. निदान दारं तरी वाचतील."

बाजारगल्लीत चपलांचं एक दुकान बंद पडलं होतं. त्याच्या वरची खोली आम्ही घेतली. रित्सुकोकडे जुना सिंथेसायझर होता. त्याच्या काही पट्ट्या मुक्या होत्या आणि एक दाबली की दोन वाजायच्या. तिनं त्याला प्रवासी बॅगेचा पट्टा लावून तो गळ्यात अडकवला. गिटार घ्यायची नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "गिटारवाले आरशात बघतात. आपल्याला वेळ नाही." मला शिकवायला तिनं कुणी आणलं नाही. "तव्यावर वाजवतेस तसं वाजव, फक्त जोरात," एवढंच.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी दारात एक माणूस उभा राहिला. हातात स्क्रूड्रायव्हर, अंगात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा निळा डगला.

"शेजारच्या इमारतीची लिफ्ट थरथरते अशी तक्रार आहे," तो म्हणाला. "मी तासभर लिफ्ट उघडून बसलोय. थरथरवताय तुम्ही."

"बंद करू?" मी विचारलं.

"नको. एकदा पुन्हा वाजवा." आम्ही वाजवलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. "घाणेरडा आवाज आहे," तो म्हणाला.

"आभारी आहे," रित्सुको म्हणाली.

"अजून घाणेरडा करता येईल."

हा कान्ता ओगुरा. त्याच्या घरी मोडके सिंथ पलंगाखाली रचून ठेवलेले होते. बायको मिळत नाही ती ह्यामुळेच, असं त्याची आई म्हणायची. पुढच्या रविवारी तो त्यातला एक घेऊन आला आणि खालचे सूर त्यानं अंगावर घेतले. वायर जोडताना ठिणगी उडाली, कान्ता 'बाचि!' करून मागे सरला, आणि रित्सुकोनं टाळी वाजवली. बँडचं नाव ठरलं: बाचिबाची, म्हणजे ठिणग्यांची तडतड.

आमचा पहिला कार्यक्रम ओसाकातल्या एका तळघरात झाला. आमच्या आधी तीन गिटारवाले बँड वाजवून गेले होते. श्रोते म्हणजे त्या बँडांचेच मित्र, हातांची घडी घालून भिंतीला टेकलेले. आम्ही सुरू केलं. कुणी हललं नाही. पहिल्या गाण्याच्या मध्यावरच रित्सुकोनं खाली उडी मारली, गळ्यात सिंथ तसाच, आणि एका उंच पोराच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली.

"हात सोड!" ती ओरडली.

तो हसला. तिनं त्याच्या बरगड्यांना सिंथ टेकवून खालची पट्टी दाबून धरली. त्या कंपनानं त्याची घडी आपोआप सुटली. मग ती शेजारच्याकडे वळली. कान्ता आणि मी वरून तेच ते वाजवत राहिलो, कारण गाणं पुढे न्यायला ती वर येईना. गाणं संपलं तेव्हा त्या तळघरात एकाही माणसाचे हात बांधलेले नव्हते. बाहेर पडताना तो उंच पोरगा मला म्हणाला, "ताई, माझ्या पोटात अजून वाजतंय." दुसऱ्या महिन्यात त्यानं सगळी मित्रमंडळी आणली.

आम्ही चांगले आहोत ह्याबद्दल आम्हाला शंका नव्हती. हे फुशारकीनं सांगत नाही. धिरडं चांगलं झालंय हे खाणाऱ्यानं सांगावं लागत नाही, उलटतानाच कळतं. तसं ते होतं.

ज्या गाण्यानं आमचं नाव झालं ते तर आमच्या तव्यावरचंच. वाजवताना ताल चुकू नये म्हणून मी तोंडानं दुकानातल्या ऑर्डरी पुटपुटायची, सवयच होती ती. एकदा वाजवता वाजवता रित्सुको थांबली. "काय म्हणतेयस ते?"

"काही नाही. डुकराचं एक, माकूळ दोन, कांदापात जास्त."

"मोठ्यानं म्हण."

झालं. सगळं गाणं एवढंच: माझ्या आईच्या दुकानातल्या ऑर्डरी, रित्सुकोच्या कर्कश आवाजात, मागे कान्ताचा सिंथ सायरनसारखा. 'कांदापात जास्त!' ला सगळ्यांनी मिळून ओरडायचं. ते आईच्या कानावर गेलं तेव्हा तिनं रित्सुकोला दुकानात बसवून घेतलं.

"माझ्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी तू गातेस म्हणे?"

"हो, काकू."

"मग नीट गा. माकूळ आधी घे. त्याला वेळ लागतो."

आम्ही गाणं बदललं. आईचं बरोबर होतं, माकूळ आधी घेतल्यावर ओळ जास्त जोरात आपटायची.

मग टोकियोहून साकाकी-सान आले. रेकॉर्ड काढणाऱ्या एका कंपनीत ते निर्माते होते, पन्नाशीचे, शांत, इस्त्रीचा शर्ट. आमचा कार्यक्रम त्यांनी घाम पुसत ऐकला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तव्यासमोर बसून सांगितलं, "मला तुमची रेकॉर्ड करायची आहे. जसे आहात तसे."

टोकियोच्या स्टुडिओत गेल्यावर मात्र घोळ झाला. तिथं कानात हेडफोन घालून टिकटिक ऐकत वाजवायचं असतं, म्हणजे सगळी यंत्रं एका चालीनं चालतात. मी सुरुवात टिकटिकीबरोबर करायची आणि थोड्या वेळानं तिला मागे टाकून निघून जायची. पुन्हा. पुन्हा. कान्ता आणि रित्सुकोची यंत्रं टिकटिकीला बांधलेली, त्यामुळे मी पुढे आणि ती दोघं मागे, पाय ओढत.

"हिबिनो-सान, तुम्ही धावता," साकाकी-सान मला म्हणाले.

"गाणं धावतं. मी त्याच्याबरोबर जाते."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फार सभ्यपणे सुचवलं की रेकॉर्डपुरते ठोके यंत्राचे घेऊ, रंगमंचावर तुम्ही आहातच. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी बाहेर जाऊन नाणं टाकायच्या यंत्रातून कॉफीचा डबा काढला आणि पायरीवर बसले. लाज वाटत नव्हती. राग आला होता. माझ्या हातांना जे कळत होतं ते त्या खोलीत कुणालाच कळत नाहीये, आणि ते कसं सांगावं हे मला कळत नाहीये, असा.

रित्सुको मागून आली. "रडतेयस?"

"कॉफी पितेय."

"बरं." ती शेजारी बसली. "तू चुकत नाहीयेस. टिकटिक चुकतेय."

"टिकटिक कशी चुकेल, येडे? न चुकणं हेच तिचं काम."

"मग तिला दुसरं काम देऊ." माझ्या हातातला डबा घेऊन तिनं उरलेली कॉफी संपवली. "आपल्याकडे यंत्रं ढीगभर आहेत. यंत्र नसलेली तू एकटीच आहेस. तुला काढून तिथं आणखी एक यंत्र बसवायचं म्हणजे अक्कल गहाण टाकणं झालं. तू त्यांच्यामागे कशाला धावायचं? त्यांना धावू दे तुझ्यामागे."

"म्हणजे?"

"ते कान्ताला विचार. मी नुसती बोलते."

कान्ता आत जाऊन ड्रमसमोर उकिडवा बसला. माझ्या पायाखालच्या मोठ्या ड्रमला चिकटवायचा एक छोटा माइक, त्यातून निघणारा प्रत्येक ठोका सिंथला द्यायचा, आणि सिंथनं त्या ठोक्यावर पुढचा सूर टाकायचा. सांगायला सोपं. करायला घेतलं तेव्हा कान्ता शिंकला आणि सिंथनं चार सूर टाकले. कुणी दार लावलं की सिंथ बोंबलायचा. रित्सुको खोकली तर कडवं संपायचं. साकाकी-सान आधी काचेपलीकडून बघत होते. मग आत आले. मग कोट काढला, बाह्या वर केल्या आणि कान्ताच्या शेजारी जमिनीवर लोळून स्वतः माइक सरकवू लागले. "माझ्या मते ह्याला जरा बहिरा करायला हवा," ते म्हणाले. त्यांनी माइकवर स्वतःचा रुमाल घडी करून बांधला. तेवढ्यानं काम झालं.

मी सुरू केलं. सिंथ माझ्या पायाबरोबर चालू लागला. मी जोर लावला, त्यानंही लावला. कडव्याच्या शेवटी मी नेहमीसारखी सुसाट सुटले, आणि ते यंत्र, एवढं थोरलं आडदांड, पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्यासारखं माझ्याबरोबर धावत आलं. मी क्षणभर हात वर धरून थांबले. तेही थांबलं. मी पुन्हा पाय मारला, ते पुन्हा निघालं. अंगावर काटा आला. रित्सुको तर गायचं विसरून नुसती हसत उभी.

"पुन्हा एकदा," साकाकी-सान म्हणाले. त्यांच्या शर्टाची इस्त्री पार गेली होती. "आणि ह्या वेळी कुणीही थांबू नका. छप्पर पडलं तरी."

ती रेकॉर्ड तशीच निघाली. तिच्यातलं प्रत्येक गाणं सुरू होतं त्यापेक्षा जास्त वेगानं संपतं. समीक्षकांनी लिहिलं की ह्या बँडची यंत्रं श्वास घेतात. कान्तानं ते कात्रण पलंगाखाली ठेवलं, जिथं आता सिंथ मावत नव्हते. त्यानंतर पोरं आमचा बँड ओळखायची ती ह्याच गोष्टीवरून: यंत्रं ढीगभर, पण लगाम बाईच्या पायात.

पुढची वर्षं व्हॅनमध्ये गेली. साप्पोरोपासून कागोशिमापर्यंत असं एक मोठं शहर राहिलं नाही जिथं रित्सुकोनं रंगमंचावरून उडी मारली नाही. युरोपात बोलावलं. पोलंडमध्ये एका बंद पडलेल्या गिरणीत हजारभर माणसं जपानीत 'कांदापात जास्त!' ओरडत होती. नंतर तिथल्या एका पत्रकारानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ह्या घोषणेचा राजकीय अर्थ काय?"

"पोटभर खा," रित्सुको म्हणाली. त्यानं ते लिहून घेतलं.

मग तिचा आवाज बसला. आधी एक दिवस, मग आठवडा, मग डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं: स्वरतंतूंवर गाठी. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. नेमका त्याच उन्हाळ्यात डोंगरउतारावरच्या मोठ्या महोत्सवात आमचा कार्यक्रम होता, भर दुपारी, मुख्य रंगमंचावर. इतकी वर्षं आम्ही तिथं जायची वाट बघत होतो.

आम्ही तिघं आमच्या दुकानात बसलो होतो. रित्सुकोजवळ लहान मुलांची पुसायची पाटी होती.

"कळवून टाकूया, पुढच्या वर्षी येतो," मी म्हणाले.

तिनं लिहिलं: नाही.

"मग गाणार कोण?" कान्ता घसा खाकरत म्हणाला. "तसं मी शाळेत..."

नाही, तिनं पुन्हा लिहिलं, आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्याच वेळी आई माझ्या मागून ओरडली, "माकूळ दोन! डुकराचं एक! कांदापात जास्त, आणि त्या कोपऱ्यातल्या दादांना पाणी द्या कुणीतरी!" रस्त्यापलीकडच्या मासेवाल्यानं मान वर केली. रित्सुको हळूच वळली. तिनं पाटी वापरली नाही. नुसतं बोट दाखवलं.

"काय गं?" आई म्हणाली. "अशी काय बघतेस?"

मी सांगितलं. आई इतकी हसली की तिला तव्याच्या कडेला हात टेकवावा लागला, आणि चटका बसला. "सत्तरीला आले मी. लोक दगड मारतील."

"नाही मारणार. तू रोज तेच तर म्हणतेस."

"दुकान?"

"एक दिवस बंद ठेवू."

"तुझे बाबा गेले त्या दिवशीही मी संध्याकाळचा तवा लावला होता." रित्सुकोनं दोन्ही हात टेबलावर ठेवून कपाळ टेकेपर्यंत मान खाली घातली आणि तशीच राहिली. आईनं तिच्या डोक्याकडे पाहिलं. "ऊठ, केसांना सॉस लागतोय. येते मी. पण तवा बरोबर न्यायचा. रिकाम्या हातांनी मला ओरडता येत नाही."

विजेवरचा मोठा तवा रंगमंचाच्या मधोमध लागला, जिथं रित्सुको उभी राहायची. आई ॲप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून आली. समोर डोंगरउतार माणसांनी भरलेला. मला वाटलं आता घाबरेल. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाली, "बाप रे, एवढ्यांना कोबी पुरायचा नाही."

सगळा डोंगर हसला, आणि मी पाय मारला.

तिला आमचं दुसरं एकही गाणं येत नव्हतं. त्यामुळे तिनं सगळ्या गाण्यांवर ऑर्डरीच म्हटल्या. आणि ती माझ्यापेक्षा वेगानं निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी ओढून नेत होतं. मी आईमागे, यंत्रं माझ्यामागे, कान्ता यंत्रांमागे घाम गाळत. रित्सुको ओठ दातांत घट्ट धरून वाजवत होती. ओरडायचं नाही म्हणून तिचे डोळे वाहत होते. मग तिला राहवेना. ती सिंथसकट लोकांत कोसळली, वायर निसटली, आणि माणसांनी तिला हातांवर उचलून उतारावर पार वरपर्यंत नेऊन परत आणलं. आईनं उलथन्यावर एक तुकडा घेतला, रंगमंचाच्या कडेला जाऊन पहिल्या रांगेतल्या एका मुलीला दिला आणि माइकमध्ये बजावलं, "गरम आहे, फुंकून खा!"

ते वाक्य नंतर लोकांनी शर्टांवर छापलं. आईला पुन्हा बोलावणी आली, टीव्हीवरचीसुद्धा. तिनं साफ नाही म्हटलं. "एकदा पुरे. तुमची माणसं नीट चावून खात नाहीत."

मौन संपलं त्या दुपारी आम्ही चपलांच्या दुकानावरच्या खोलीत जमलो. रित्सुको पाणी प्यायली आणि तिनं तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो आधीचा नव्हता. वरचे सूर गेले होते, कायमचे. खाली एक जाड, खडबडीत काहीतरी उरलं होतं, नदीतल्या दगडगोट्यांवरून गाडी ओढावी तसं. मी मान खाली घातली. कान्ता उगाच एक वायर सोडवू लागला.

रित्सुकोनं पुन्हा एकदा 'आ' केला. ऐकला. मान तिरकी करून अजून एकदा.

"कोण ही बाई?" तिनं विचारलं.

"तूच," मी म्हणाले.

"बरी आहे की. पण हिला जुने कपडे होणार नाहीत. नवीन शिवावे लागतील." तिनं सिंथ गळ्यात अडकवला. "काय बघताय? चला."

त्या आवाजासाठी आम्ही सगळी गाणी नव्यानं केली. जुन्या चाहत्यांतले काही म्हणाले, पहिली रित्सुको राहिली नाही. खरं होतं. दुसरी आली होती, आणि ती पहिलीपेक्षा कमी ओरडून जास्त घाबरवायची. त्या गाण्यांच्या रेकॉर्डवर साकाकी-साननी काम केलं ते निवृत्त व्हायच्या आधीचं शेवटचं, आणि ह्या वेळी ते पहिल्या दिवशीच जुना शर्ट घालून आले.

आता माझी मनगटं सकाळी जरा कुरकुरतात, पट्टी बांधावी लागते. मागच्या महिन्यात एका तरुण मुलाखतकारानं अदबीनं विचारलं, वयाप्रमाणे वेग थोडा कमी करायचा विचार आहे का? रित्सुकोनं त्याला आमचं आदल्या आठवड्यातल्या कार्यक्रमातलं एक गाणं ऐकवलं आणि मग त्याच गाण्याची दहा वर्षांपूर्वीची रेकॉर्ड. बिचाऱ्यानं दोन्ही ऐकून डोकं खाजवलं. "वाढलाय," तो म्हणाला.

"आम्ही नाही वाढवत," रित्सुको म्हणाली. "तोमोएला सांगा. यंत्रं तिचंच ऐकतात."

येत्या शनिवारी फुकुओकाला कार्यक्रम आहे. व्हॅन कान्ताच चालवणार, कारण दुसऱ्यानं चालवली की तो शेजारी बसून ब्रेक दाबत राहतो. काल दुकानात निघायच्या वेळेवरून त्याचं आणि रित्सुकोचं भांडण चाललं होतं.

"पहाटे निघू, रस्ता मोकळा असतो," कान्ता म्हणाला.

"पहाट म्हातारे बघतात," रित्सुको म्हणाली. "नाश्ता करून निघू आणि जोरात जाऊ."

"व्हॅन जुनी आहे."

"आवाज कसा येतो तिचा?"

कान्तानं क्षणभर विचार केला. "मस्त येतो," त्यानं कबूल केलं, आणि रित्सुकोनं एक माकूळवालं मागवलं.